मनकर्णाबाईंना काय चालतं

लोणार तालुक्यात बीबीच्या आसपास भाजीपाला पिकवणारी घरं पुष्कळ आहेत. कोणाची मेथी नावाजलेली, कोणाची भेंडी. शेषरावांची वांगीही कोणाला हार जाणारी नव्हती, पण बाजारात त्यांचं नाव निघायचं ते बायकोवरून. त्यांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना, कुठलंच औषध चालत नाही. पुडी पोटात गेली की थोड्याच वेळात डोळे सुजून बंद, ओठ जाड, अंगभर लालभडक गांधी, आणि फार झालं तर श्वासही अडकतो. हे सगळं शेषराव वांगी तोलता तोलता गिऱ्हाइकाला ऐकवत. त्यात काळजी होती, तसा थोडा तोराही होता. कोणाकडे ओलिताची जमीन असते, कोणाचा पोरगा पुण्यात असतो. शेषरावांकडे औषध न चालणारी बायको होती.

सुचिता या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला पहिला धडा मिळाला तो ह्याचाच. अजून हात हळदीनं पिवळे होते आणि सासऱ्यांनी तिला ओसरीवर बसवून सांगितलं, "हे पाह्य पोरी, घरात गोळी-बिळी आणशीन तं आपल्या खोलीत ठेव. तुह्या आत्याबाईच्या हाती लागू देऊ नको. तिले जहर हाय थे." सुचिताला वाटलं, म्हातारी माणसं बोलायचं म्हणून बोलतात. तिच्या माहेरी डोकं दुखलं की गोळी आणि पोट दुखलं की गोळी. गोळीशिवाय घर चालतं कसं, हेच तिला समजेना.

पण ते घर चालत होतं. मनकर्णाबाई अंगानं काटक आणि बोलायला कंजूष. पहाटेपासून वांग्याच्या सऱ्यांत बसायच्या त्या ऊन डोक्यावर येईपर्यंत. दुखलं-खुपलं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काई नाई व, मुंगी चावली." विळा लागून बोट कापलं तरी मुंगीच. एकदा गोवऱ्या काढताना विंचू चावला, हात खांद्यापर्यंत ठणकत होता, तेव्हाही ह्या बाई सुनेला म्हणतात, मुंगी असंन. विंचू चुलीपाशी मरून पडलेला सुचितानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला म्हणून बरं.

मग दाताचं झालं. दाढ किडली, गाल फुगला, चार दिवस बाई नुसत्या कण्यांच्या पेजेवर राहिल्या. शेवटी मेहकरला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. सोबत सुचिता होती. डॉक्टरनं बधिर करायचं इंजेक्शन भरलं आणि शेषरावांनी त्याचा हात धरला. "इंजेक्शन नाई चालत तिले. काईच नाई चालत." डॉक्टरनं नावं विचारली, शेषरावांनी ती पाढ्यासारखी म्हणून दाखवली. डॉक्टर घाबरला. म्हणाला, बधिर केल्याशिवाय मी दाढ काढणार नाही. तेव्हा मनकर्णाबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "काढ रे बाबा. मी हालत नाई." आणि खरंच हलल्या नाहीत. खुर्चीच्या दांड्याला धरलेली बोटं तेवढी पांढरी झाली. डॉक्टरच्या कपाळावर घाम होता, आणि बाईंच्या तोंडून हुंकारही आला नाही. बाहेर आल्यावर तोंडात कापसाचा बोळा धरून त्यांनी खुणेनं विचारलं, मेथीचं बी घ्यायचं राहिलं ना? त्या दिवसापासून सुचिता सासूकडे पाहताना थोडी बिचकून पाहू लागली. एवढं सोसणारं माणूस तिनं दुसरं पाहिलं नव्हतं.

आता ही औषधांची यादी एवढी लांबली कशी, तेही सांगायला हवं. इकडे खेड्यापाड्यात दवाखान्यात गेलं की जास्त करून पुडी मिळते. कंपाउंडर पट्ट्यांतून गोळ्या फोडतो, दोन-तीन रंगांच्या एकत्र करतो आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात घडी घालून देतो. सकाळची पुडी, संध्याकाळची पुडी. आत काय आहे हे विचारायची रीत नाही. विचारलं तर डॉक्टरवर भरवसा नाही असं दिसतं. गोळीचं नाव पट्टीवर राहतं आणि पट्टी कचऱ्यात जाते. शेषराव तर पुडी बांधली जाताना टेबलाशी उभेच असत. "त्यात एक तेज गोळी टाका हो डॉक्टर. तिले दुखू नाई." गावचे प्रेमानंद डॉक्टर भला माणूस. ते टाकत. शेषरावांचा बायकोवर जीव होता आणि जीव दाखवायची त्यांची रीत ही अशी होती.

पुडी घेतल्यावर बाई सुजल्या की शेषराव तणतणत दवाखान्यात जात. "काय काय टाकलं होतं पुडीत?" डॉक्टर तीन नावं सांगत. शेषराव तिन्ही नावं पाठ करून परत येत आणि तिन्हींना घरबंदी. पुढच्या वेळी नव्या नावांची पुडी, पुन्हा सूज, पुन्हा तीन नावं. चोर एक असेल का तीन, ही चौकशी कोणी केली नाही. सगळ्या गल्लीलाच कोंडून टाकलं. मधे एकदा लघवीच्या त्रासासाठी गावातल्या शिबिरात सल्फाच्या गोळ्या मिळाल्या. त्या कितीतरी दिवस बिनबोभाट चालल्या आणि मग एकाएकी तोंडात फोड, अंगावरची कातडी सोलून निघाली. बाई मरता मरता वाचल्या. त्यानंतर शेषरावांनी हातच जोडले. औषध नावाचा पदार्थ या बाईला द्यायचा नाही, विषय संपला. हे सगळं सुचिता घरात येण्याच्या आधीचं.

विषय संपला होता तो यंदाच्या हिवाळ्यापर्यंत. वांग्याच्या वावराला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण आहे. त्यातला एक जुना, काळा काटा मनकर्णाबाईंच्या टाचेत गेला. अर्थात मुंगी चावली. शेजारच्या महामायाबाईंनी बिब्बा तापवून त्याचा चटका दिला, त्यानं काट्याच्या जोडीला भाजल्याची जखमही झाली. चार-सहा दिवसांत पाऊल भाकरीसारखं फुगलं. मग लाली घोट्यावर चढली, नडगीवर चढली. अंगात ताप भरला. सुचिताचा नवरा गणेश माल घेऊन नागपूरकडे गेलेला होता. सुचितानं सासूचं लुगडं जरा वर करून पाहिलं आणि ती ओरडलीच, "आत्याबाई, ही मुंगी नाई!"

मेहकरच्या डॉक्टरनं पाय पाहिला, शेषरावांची यादी ऐकली आणि पेन खाली ठेवलं. म्हणाला, शिरेतून औषध दिल्याशिवाय हे उतरणार नाही आणि तुम्ही म्हणता काही चालत नाही; बुलढाण्याला न्या. चिखलीच्या रस्त्यानं गाडीत मनकर्णाबाई डोळे मिटून होत्या आणि शेषराव तोंडातल्या तोंडात नावं घोकत होते, एखादं विसरायला नको म्हणून.

बुलढाण्याच्या दवाखान्यात आधी सर्जन आले. त्यांनी जखम दाबून पाहिली आणि बाहेर येऊन स्पष्ट सांगितलं. "पू मी काढतो. पण जंतू मारणारं औषध नाही मिळालं तर हे वर चढणार. मग गुडघ्याखालून पाय काढायची पाळी येईल. उशीर झाला तर जिवावर बेतेल." शेषराव मटकन बाकावर बसले. वाफ्यात उकिडवं बसून जन्म काढलेल्या बाईचा पाय.

त्यानंतर आल्या अर्पिता डॉक्टर. वय फार नाही, केस घट्ट बांधलेले, चालणं भराभरा. नांदुऱ्याच्या होत्या, कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या. शुद्ध बोलता बोलता मधेच आपली बोली निसटून यायची. त्या स्टूल ओढून खाटेपाशी बसल्या आणि शेषरावांनी उभं राहून यादी सुरू केली. पेनिसिलीन नाही, सल्फा नाही, सिप्रो नाही, डायक्लो नाही, ब्रुफेन नाही... सगळी यादी, एकही नाव न अडखळता. मेहकरला डॉक्टरनं पेन खाली ठेवलं होतं, तसं इथेही होणार असं सुचिताला वाटलं.

अर्पिता डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. "मामा, एवढी नावं लक्षात ठेवली तुम्ही, फार मोठं काम केलं. आता मला दुसरं सांगा. मावशींना काय चालतं?"

शेषरावांनी सुचिताकडे पाहिलं, सुचितानं सासूकडे. आजवर इतके डॉक्टर झाले, प्रत्येकानं काय चालत नाही तेवढंच विचारलं होतं. हा प्रश्न जगात आहे हेच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"काईच नाई," शेषराव शेवटी म्हणाले.

"एकदाही असं नाही झालं? औषध घेतलं आणि काही झालं नाही, असं?"

"नाई."

तापानं सुकलेल्या ओठांवर जीभ फिरवून मनकर्णाबाईंनी डोळे उघडले. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "एक डाव झालं होतं," त्या म्हणाल्या. "पण थे यायले ठाऊक नाई. रागवतीन."

"मी कायले रागवू?" शेषराव लगेच रागावून म्हणाले.

मग बाईंनी हळूहळू सांगितलं. त्यांचं माहेर साखरखेर्ड्याचं. तिथे भाचीचं लग्न होतं. सगळं घर लग्नाला गेलं, पण वांगी तोडायला आली होती म्हणून ह्या एकट्या मागे राहिल्या. नेमका त्याच आठवड्यात कान फुटला, पू वाहू लागला. "सल्फाच्या डावानंतरची गोष्ट हाय. यायनं दवाई बंद केली होती. पण कानात सणक असी, की वाटे डोस्कं फोडून घ्याव. गेली गुपचूप प्रेमानंद डॉक्टरकडे. म्हटलं, मराचं असंन तं मरू. त्याइनं कॅप्सूल देल्ली. नुस्ती कॅप्सूल. पाच दिवस खाल्ली. कान वाळला."

"आणि सूज?"

"काईच नाई."

"काऊन सांगतलं नाई तू मले?" शेषरावांचा आवाज चढला.

"तुमी भेले असते," बाई म्हणाल्या.

अर्पिता डॉक्टर स्टुलावरून उठल्या नाहीत, पण त्यांचं बसणं बदललं. त्यांनी एकेक सूज पुन्हा विचारायला सुरुवात केली. त्या वेळी दुखत काय होतं? पुडी कोणी आणली? घेतल्यावर किती वेळानं सुजलात? जेवलात का मधे? बाईंना तारखा कुठल्या आठवायला. त्यांना आठवत होतं की कंबर धरली तेव्हा कांदे काढणं चालू होतं, ताप आला तेव्हा शेजारच्या वावरात कपाशी फुटली होती, आणि प्रत्येक वेळी चूल शांत व्हायच्या आतच तोंड सुजलं होतं. फक्त सल्फाच्या वेळी तसं नव्हतं. ते दुखणं दबा धरून बसलं आणि मागाहून आलं. डॉक्टरांना हाच फरक हवा होता असं दिसलं, कारण त्या तिथे थांबल्या आणि तोंडातल्या फोडांबद्दल पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या.

मग त्यांनी सुचिताला खिडकीपाशी बोलावलं आणि प्रेमानंद डॉक्टरांना फोन लावून द्यायला सांगितला. सुचिताच्याच फोनवरून बोलणं झालं, ती शेजारी उभी होती, त्यामुळे पलीकडचं सगळं तिला ऐकू येत होतं. कान वाहत असेल तर काय देता? "अमॉक्सिसिलीन. आमच्याकडे दुसरं काय असते मॅडम." आणि मावशींना पहिल्यांदा सूज आली तेव्हा? "तेच होतं. पण त्यासोबत दुखण्याचीही होती. त्याइचे मालक हट्टच करत ना. दर डाव एक तेज गोळी टाकाच म्हणत. कधी डायक्लो टाके मी, कधी ब्रुफेन." थोडं थांबून पलीकडचा आवाज खाली आला. "थे गोळी होती काय मॅडम?"

"बहुतेक," अर्पिता डॉक्टर म्हणाल्या. "नक्की कळेल."

सुचितानं वळून पाहिलं. शेषराव बायकोच्या उशाशी बसून तिच्याच पदरानं तिच्या कपाळावरचा घाम पुसत होते.

डॉक्टरांनी सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं. दुखणं थांबवणाऱ्या त्या तेज गोळ्यांची जात एकच असते. नावं वेगळी, रंग वेगळे, पण शरीराशी वागणं सारखं. मावशींच्या शरीराला ती जातच सोसत नसावी. प्रत्येक पुडीत तीच कुठल्या ना कुठल्या नावानं होती, आणि तिच्यासोबत पुडीत पडलेली बाकीची बिचारी औषधं फुकट बदनाम झाली. सल्फाची गोष्ट वेगळी. ती खरी आहे आणि फार वाईट आहे. "त्या औषधाची मी परीक्षासुद्धा घेणार नाही. ते आयुष्यभर बंद. जी औषधं तुमच्या यादीत नाहीत, ती देता येतील, पण ती किडनीला जड आहेत आणि मावशींच्या किडन्या आधीच थकल्या आहेत. ह्या पायाला सगळ्यांत चांगलं औषध पेनिसिलीनच्या घराण्यातलं आहे. कानाची ती कॅप्सूलही त्याच घराण्यातली. मला वाटतं ते त्यांना चालतं. पण मला वाटतं म्हणून मी सरळ देणार नाही. आधी थेंबभर देऊन पाहीन."

"आणि तुमचं वाटणं चुकलं तं?" शेषरावांनी विचारलं.

"म्हणून इथे करायचं. घरी कोणी असं करून पाहायचं नाही. उलटं झालं तर ते उतरवायचं इंजेक्शन माझ्या हाताशी भरून ठेवलेलं असेल." मग त्या मनकर्णाबाईंकडे वळल्या. "पण मावशी, हो म्हणायचं ते तुम्ही. गळा तुमचा बंद झाला होता. भीती वाटते का?"

ज्या बाईला कधी मुंगीपलीकडे काही चावलं नव्हतं, ती बाई म्हणाली, "वाटते." सुचितानं हा शब्द सासूच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. "लय वाटते. श्वास अडकते तवा माणसाले समजते. पण पायाबिगर मी वाफ्यात कशी बसू? करा तुमी. फक्त तुमी इथंच बसा."

सर्जननं पू काढून जखम बांधली होती. खिडकीतून सकाळचं ऊन खाटेवर आलं होतं. नर्सनं दंडाला पट्टा बांधला, बोटाला चिमटा लावला, ट्रेमध्ये ते उतरवायचं इंजेक्शन ठेवलं. अर्पिता डॉक्टरांनी मनगटाच्या वर औषधाचा एक थेंब ठेवून सुईनं हलकंसं टोचलं. शेजारी नुसत्या पाण्याचाही एक. मग वाट पाहणं सुरू झालं. शेषराव बाहेर निघून गेले, त्यांच्यानं पाहवेना. सुचिता त्या दोन ठिपक्यांवरून नजर हलवायला तयार नव्हती. चामडी जराही फुगली नाही. मग कातडीच्या आत थोडं औषध, पुन्हा वाट. मग सलाईनमधून अगदी थोडं, खऱ्या डोसाच्या पासंगालाही न पुरणारं.

सुचितानं बाळंतपणं पाहिली होती, मरणं पाहिली होती, पण असं बसणं पाहिलं नव्हतं. ती डॉक्टरीण स्टुलावर बसून होती. फोन वाजला तो तिनं न पाहता बंद केला. कधी ओठांकडे बघे, कधी गळ्याकडे, कधी नखांकडे, आणि मधूनच विचारी, खाजतं का, जीभ जड वाटते का. मनकर्णाबाईंनी तिचा हात धरला होता. दाढ काढताना दांड्याला धरलेली तीच बोटं, तशीच पांढरी. "भेऊ नका मावशी," डॉक्टर एकदम घरच्या बोलीत म्हणाल्या, "मी बसून राह्यली ना इथं." बाईंनी मान हलवली. प्रत्येक श्वास त्या तपासून घेत असल्यासारख्या घेत होत्या. इतकी वर्षं जिला आपल्याच शरीराची खात्री नव्हती, ती बाई पुन्हा तेच दार उघडायला तयार झाली होती, डोळे उघडे ठेवून. हे धैर्य आपल्याला कधी जमेल का, असं सुचिताच्या मनात आलं. नाही जमणार, असंच तिला वाटलं.

आणि काहीच झालं नाही. डोळे सुजले नाहीत, गांधी उठल्या नाहीत. थोडं जास्त औषध, पुन्हा वाट, पुन्हा काही नाही. मग पूर्ण डोस. सलाईनचे थेंब एकेक करून उतरत राहिले आणि त्या थेंबांकडे बघता बघता सुचिताला रडू कोसळलं. एखाद्या घरात काहीच न होणं ही एवढी मोठी गोष्ट असू शकते! बाहेर जाऊन तिनं सासऱ्यांना सांगितलं तर त्यांनी तीनदा विचारलं, "काईच नाई? सूज नाई? काईच?"

लाली आधी थांबली, मग नडगीवरून उतरू लागली. जाण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी तापाची साधी गोळीही अशीच थोडी-थोडी देऊन पाहिली, तीही चालली. सुचितानं हळूच विचारलं, "मॅडम, दाढ काढताना बधिर करतात ते इंजेक्शन?" डॉक्टर म्हणाल्या, "ते वेगळ्याच जातीचं. बहुतेक चाललं असतं." आणि मग, "काऊन?" सुचितानं काही नाही म्हणून मान हलवली. तिला राग आला होता, पण कोणावर काढावा ते कळेना. कागदाच्या त्या चौकोनी पुडीवर काढावा तर पुडीला काय कळतं.

ह्या सगळ्या दिवसांत शेषराव बोलले फार थोडं. डबा आणला, पाणी भरलं, खाटेपाशी बसले. यादी म्हणायची त्यांची सवय सुटली होती. गणेश नागपूरहून आला तेव्हा त्यालाही त्यांनी काही सांगितलं नाही. सुचिताला दिसत होतं की म्हातारे मनातल्या मनात एकेक पुडी उघडून बघताहेत. साखरखेर्ड्याचं लग्न. ते नव्हते तेवढी एकच पुडी, आणि तेवढीच एक चालली होती. हिशेब करायला शाळा शिकावी लागत नाही.

घरी जायच्या दिवशी अर्पिता डॉक्टरांनी एक लाल कार्ड दिलं. दोनच गोष्टी कधीच चालणार नाहीत: सल्फा, आणि दुखण्याच्या तेज गोळ्यांची ती सगळी जात. बाकी दारं पुन्हा उघडली होती. "पुडी घ्यायची नाही," त्या सर्वांना बजावून सांगत होत्या. "नाव असलेली पट्टी मागायची. आणि दुखतं म्हणून कोणी कितीही मायेनं गोळी दिली तरी..."

"डॉक्टरीणबाई," शेषराव मधेच उभे राहिले. टोपी हातात होती, ती ते बोटांनी फिरवत होते. "मले एक सांगाचं हाय. पुडीत थे तेज गोळी... थे टाकाले..."

"मीच लावत होती," मनकर्णाबाई खाटेवरून म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाई पायाला बांधलेल्या पट्टीची गाठ नीट करत होत्या. मान वर केली नाही. "दर डाव मीच यायच्या मांगं लागे. तेज गोळी टाकून आणा म्हणे. हे बिचारे काय करतीन, आणत. मले दुखणं सहनच होत नाई ना मॅडम, पहिल्यापासूनच."

सुचितानं तोंडावर पदर धरला. तिच्या डोळ्यांसमोर दाताच्या डॉक्टरची ती खुर्ची आली, चुलीपाशी पडलेला विंचू आला, बिब्ब्यानं भाजलेली ती टाच आली. ह्या बाईनं जन्मभर दुखण्याबद्दल खोटं सांगितलं, पण एवढं मोठं खोटं आजच. अर्पिता डॉक्टरांना फोनवरचं सगळं ठाऊक होतं. त्यांनी एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा मामांकडे, आणि हातातलं पेन खिशाला लावलं.

शेषराव तसेच उभे होते. मग ते खाली वाकले, बायकोच्या धड पायात चप्पल सरकवली, आणि मान खाली ठेवूनच म्हणाले, "हाव मॅडम. लय नाजूक हाय ते."